बीटल्सच्या पहिल्या अल्बमवरची सहा गाणी

२२ मार्च १९६३ रोजी बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ हा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये विक्रीला आला. त्यावर चौदा गाणी होती. आठ गाणी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी रचलेली; उरलेली सहा इतरांनी रचलेली आणि आधी इतरांनी गायलेली, म्हणजे कव्हर. बीटल्सवर आजवर जे अमाप लिहिले गेले त्यात या दोन गटांच्या वाट्याला सारखा न्याय आलेला नाही. आठ गाण्यांत पुढच्या इतिहासाची बीजे शोधली जातात. सहा गाण्यांबद्दल मात्र बहुधा एवढेच सांगितले जाते की नवखा बँड होता, स्वतःची गाणी पुरेशी नव्हती, म्हणून इतरांच्या गाण्यांनी जागा भरली. ‘ट्विस्ट अँड शाउट’ तेवढे या उपेक्षेतून सुटते, तेही लेननच्या फाटत गेलेल्या आवाजामुळे. ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. एखाद्या बँडचे कर्तृत्व सर्वांत आधी दिसते ते त्याने कोणती गाणी निवडली आणि ती आपल्या आवाजांत, आपल्या वाद्यांत कशी बसवली यात. बीटल्सच्या बाबतीत ती सहा गाणी नसती तर आठ गाण्यांना आज आपण ओळखतो तो चेहरा मिळाला नसता. आणि स्वतः रचलेलेच गावे हा आग्रह रॉकमध्ये जसजसा प्रतिष्ठेचा झाला, तसतसे या संगीताने बरेच कमावले तरी एक मोलाची गोष्ट हातची घालवली.

त्या काळचा व्यवसाय कसा चालत होता ते आधी पाहिले पाहिजे. १९६० च्या सुमारास लंडनच्या लोकप्रिय संगीतात गाणी लिहिणारे वेगळे आणि गाणारे वेगळे होते. डेन्मार्क स्ट्रीटवरचे प्रकाशक गाणी घेऊन ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे जात, कंपनीचा निर्माता त्यांतले एखादे गायकाच्या हाती देई आणि गायक ते गाई. या व्यवस्थेत इतरांची गाणी गाण्यात कमीपणा नव्हता. नवख्या बँडच्या अल्बमवर स्वतःची आठ गाणी असणे हीच अपूर्वाई होती. सप्टेंबर १९६२ मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी बीटल्सना मिच मरे यांचे ‘हाऊ डू यू डू इट’ हे गाणे दिले. त्यांनी ते ध्वनिमुद्रित केले, पण ते आपल्या नावावर बाजारात येऊ नये असा हट्ट धरला. पुढे तेच गाणे गेरी अँड द पेसमेकर्सने गायले आणि एप्रिल १९६३ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे मार्टिन यांची व्यावसायिक पारख चुकली नव्हती. या प्रसंगाकडे स्वतःच्या गाण्यांचा आग्रह म्हणून पाहिले जाते आणि तो आग्रह त्यात होताच. पण त्याच चौघांनी काही महिन्यांनी परक्यांची सहा गाणी आनंदाने अल्बमवर घेतली. तेव्हा त्यांची हरकत गाणे परक्याचे असण्याला नव्हती. ते दुसऱ्याने निवडून आपल्यावर सोपवण्याला होती. निर्मात्याने हाती दिलेले गाणे आणि बँडने स्वतः शोधून, मंचावर गाऊन आपलेसे केलेले गाणे या दोहोंवर लेबल सारखेच लागते, पण त्यांच्यामागचे मन वेगळे असते.

हा शोध कसा होत होता? लिव्हरपूलमध्ये त्या वेळी असंख्य गट वाजवत होते आणि बहुतेकांचा साठा अमेरिकन रेकॉर्डचाच होता. चक बेरी आणि लिटल रिचर्डची गाजलेली गाणी प्रत्येकालाच येत. शेजारच्या गटाने न वाजवलेले काही हवे असेल तर रेकॉर्ड उलटी करून दुसरी बाजू ऐकावी लागे, ब्रिटनमध्ये फारशा न खपलेल्या रेकॉर्ड शोधाव्या लागत. पुढे बीटल्सचे व्यवस्थापक झालेले ब्रायन एप्स्टीन यांच्या कुटुंबाच्या नेम्स या दुकानातला रेकॉर्ड विभाग अशा शोधकांचा अड्डा होता. हॅम्बुर्गच्या क्लबांत बीटल्सना रोज रात्री तासन्‌तास वाजवावे लागे, त्यामुळे साठा मोठा लागे आणि गाणी पुन्हापुन्हा वाजवून घासली जात. या घासण्यातून जे उरले त्याचा अर्क म्हणजे ती सहा गाणी: आर्थर अलेक्झांडरचे ‘ॲना’, कुकीजचे ‘चेन्स’, शिरेल्सची ‘बॉइज’ आणि ‘बेबी इट्स यू’, बॉबी स्कॉट आणि रिक मार्लो यांचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ आणि आइझली ब्रदर्समुळे माहीत झालेले ‘ट्विस्ट अँड शाउट’. यांतले ‘बॉइज’ हे तर ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ या शिरेल्सच्या प्रचंड गाजलेल्या रेकॉर्डची मागची बाजू. पुढची बाजू सगळ्या जगाने ऐकली. या मुलांनी मागची बाजू लक्षात ठेवली.

निवडीत किती परिपक्वता आली होती हे आणखी एका यादीशी ताडून पाहता येते. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीसमोर बीटल्सची चाचणी झाली तेव्हा त्यांनी पंधरा गाणी वाजवली आणि त्यांतली बारा इतरांची होती. त्यांत रॉक अँड रोल होते, ‘बेसामे मुचो’ होते, ‘द शीक ऑफ अरबी’ हे १९२० च्या दशकातले जुने गाणेही होते. आपल्याला सगळे काही येते हे दाखवू पाहणाऱ्या गटाची ती यादी आहे. डेक्काने त्यांना नाकारले. चौदा महिन्यांनंतर आलेल्या अल्बमवरच्या सहा गाण्यांत असा पसारा नाही. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ वगळले तर पाचही गाणी गेल्या दोन-तीन वर्षांतल्या अमेरिकन रिदम अँड ब्लूज आणि मुलींच्या गायनगटांच्या दुनियेतली आहेत. दोन्ही याद्या परक्या गाण्यांच्याच. पण दुसरी यादी आपल्याला काय आवडते हे नेमके ठाऊक असलेल्या माणसांची आहे. अभिरुची अशी एका दिशेने एकवटणे ही निर्मितीचीच पहिली पायरी होय.

त्या दिशेत काय सापडले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सहांपैकी तीन गाणी मूळची तरुण कृष्णवर्णीय मुलींच्या गटांनी गायलेली आहेत. मुलींच्या गटाची रचना ठरलेली असे: एक आवाज आपली व्यथा सांगतो आणि बाकीचे आवाज त्याला साथ देतात, होकार भरतात, मध्येच टोकतात, धीर देतात. त्या काळच्या रॉक अँड रोल गटाची रचना याच्या उलट होती. पुढे एक नायक, मागे वादक. क्लिफ रिचर्ड आणि त्याच्या मागे शॅडोज. बीटल्समध्ये असा एकच नायक नव्हता. तिघेजण गाणारे होते आणि चौथ्यालाही एखादे गाणे मिळे. अशा गटाला लागणारा साचा पुरुषी रॉक अँड रोलमध्ये पुरेसा तयार नव्हता; एव्हर्ली बंधूंकडून दोन आवाजांची जोडी तेवढी मिळाली होती. कुकीज आणि शिरेल्सच्या गाण्यांत मात्र तो पूर्णपणे सिद्ध होता. ‘चेन्स’मध्ये तिघे मिळून गातात. ‘बेबी इट्स यू’मध्ये लेनन विनवतो आणि दोघे मागून प्रतिसाद देतात. ‘बॉइज’मध्ये तर रिंगो स्टार मुलींनी मुलांबद्दल गायलेले गाणे जवळजवळ तसेच गातो आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. एका गिटार बँडने मुलींच्या गटाचा संवादी गळा आपलासा करणे ही त्या अल्बमवरची सर्वांत नवी गोष्ट आहे. पुढे ‘शी लव्ह्ज यू’ ऐकून सारे जग ज्याने हरखले ते हेच: तीन मित्र एकमेकांशी आणि आपल्याशी बोलत आहेत असे वाटणे. ही किमया ज्या शाळेत शिकली गेली ती शाळा अल्बमच्या त्या कमी लेखलेल्या बाजूला आहे.

दुसरी गोष्ट वाद्यांची. अमेरिकन रेकॉर्डवर पियानो होता, ऑर्गन होता, ब्रास होते, भाडोत्री कसबी वादक होते. बीटल्सकडे दोन गिटार, एक बास, ड्रम आणि लेननचा माउथ ऑर्गन एवढेच. त्यामुळे प्रत्येक गाण्यात मूळ ध्वनीचे नव्याने वाटप करावे लागे. ‘ॲना’च्या मूळ ध्वनिमुद्रणात गाण्याला धरून ठेवणारी आकृती पियानोवर आहे, जॉर्ज हॅरिसनने ती गिटारवर आणली आणि ती आणताच गाण्याची उदासी अधिक कोरडी, अधिक एकाकी झाली. ‘चेन्स’ माउथ ऑर्गनने सुरू होते. ‘बेबी इट्स यू’मधल्या ऑर्गनच्या तुकड्याच्या जागी गिटार आली आणि काही दिवसांनी जॉर्ज मार्टिन यांनी तिच्यावर सेलेस्टा हे घंटेसारखा नाद असलेले वाद्य वाजवून जोडले. मार्टिन आणि बीटल्स यांच्यातल्या ज्या सहकार्यातून पुढे ‘सार्जंट पेपर’ घडले, त्यातली निर्मात्याने स्वतःच्या हाताने वेगळा रंग भरण्याची रीत इथे, एका परक्या गाण्यावर, छोट्या प्रमाणात दिसते. साधने तोकडी असली की नक्कल पूर्ण होऊ शकत नाही; आणि नक्कल जिथे अपुरी पडते तिथे काय करायचे याचा निर्णय घ्यावा लागतो. अशा निर्णयांच्या साखळीलाच पुढे आपण शैली म्हणतो.

‘ट्विस्ट अँड शाउट’चा इतिहास हे सर्वांत चांगले उदाहरण. बर्ट बर्न्स आणि फिल मेडली यांचे हे गाणे १९६१ मध्ये टॉप नोट्स या जोडीने गायले, निर्माता होता फिल स्पेक्टर. ती रेकॉर्ड पडली आणि स्पेक्टरने आपल्या गाण्याचे मातेरे केले अशी बर्न्सची धारणा झाली. १९६२ मध्ये त्याने स्वतः निर्माता होऊन आइझली ब्रदर्सकडून ते गाऊन घेतले. आता गाण्याला लॅटिन डौल आला, ब्रास आले, गॉस्पेलची धग आली. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत, सकाळी दहापासून चाललेल्या कामाच्या अगदी शेवटी, सर्दीने बेजार झालेल्या लेननने ते एका झटक्यात गायले. दुसरा प्रयत्न केला तेव्हा आवाज उरला नव्हता. अल्बमवर पहिलाच प्रयत्न आहे. आइझलींकडे जे ब्रास करत होते ते इथे गिटारने आणि एकावर एक चढत जाणाऱ्या गळ्यांनी केले. गाणे तेच, शब्दही जवळजवळ तेच. तरी तीन ध्वनिमुद्रणे म्हणजे तीन वेगळ्या कृती आहेत. एक फसलेली आणि दोन थोर. गाण्याची निर्मिती कागदावर संपत नाही याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. रॉकमध्ये तर गाण्याचे अस्तित्वच मुळी ध्वनिमुद्रणात असते. मग ज्यांनी ध्वनिमुद्रण घडवले त्यांना केवळ उसनवारी करणारे ठरवण्यात अर्थ नाही.

आता या सहा गाण्यांचे त्या आठ गाण्यांशी असलेले नाते. अल्बमचे पहिलेच गाणे ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’. त्याची बासची चाल चक बेरीच्या ‘आय ॲम टॉकिंग अबाऊट यू’मधून उचलली हे मॅकार्टनीने मोकळेपणाने सांगितले आहे. ‘प्लीज प्लीज मी’ रॉय ऑर्बिसनच्या धाटणीचे गाणे म्हणून लेननने रचायला घेतले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘विथ द बीटल्स’ या दुसऱ्या अल्बमवर पुन्हा आठ आणि सहा असेच प्रमाण आहे आणि त्या सहांपैकी तीन गाणी डेट्रॉइटच्या मोटाउन घराण्याची: ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’, ‘यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी’ आणि ‘मनी’. त्याच अल्बमवरचे ‘ऑल आय हॅव गॉट टू डू’ हे स्वतःचे गाणे रचताना आपण ‘यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी’ लिहिणाऱ्या स्मोकी रॉबिन्सनसारखे काही करू पाहत होतो, असे लेननने पुढे सांगितले. गुरू एका गाण्यात आणि शिष्य दुसऱ्या गाण्यात, दोन्ही एकाच तबकडीवर. कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन या न्यूयॉर्कच्या गीतकार जोडीसारखे व्हावे ही लेनन-मॅकार्टनींची महत्त्वाकांक्षा होती. ‘चेन्स’ त्याच जोडीचे. म्हणजे परकी आणि स्वतःची असे दोन कप्पे पाडले की चौदा गाण्यांत चाललेले संभाषण ऐकूच येत नाही. सहा गाण्यांत विधान केले आहे, आठ गाण्यांत त्यावरचे उत्तर आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. ११ फेब्रुवारीच्या एका दिवसात अल्बमसाठी दहा गाणी ध्वनिमुद्रित करायची होती. बाकीची चार आधीच्या दोन सिंगल्समधून तयार होती. मार्टिन यांना त्यांचा मंचावरचा कार्यक्रमच पकडायचा होता, त्यासाठी लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्येच जाऊन ध्वनिमुद्रण करण्याचाही विचार त्यांनी केला होता. अशा घाईत तोंडपाठ गाणी घेतली गेली, यात निवडीचे एवढे कौतुक कशाला? घाई खरी होती. पण स्वतःची गाणी नव्हती म्हणून परकी घेतली हे मात्र खरे नाही. डेक्काच्या चाचणीत वाजवलेली त्यांची स्वतःची तीनही गाणी हाताशी होती. त्यांतले ‘हॅलो लिटल गर्ल’ त्याच वर्षी फोरमोस्टने आणि ‘लव्ह ऑफ द लव्ह्ड’ सिला ब्लॅकने गायले. ‘होल्ड मी टाइट’ हे स्वतःचे गाणे तर त्याच ११ फेब्रुवारीला पुन्हापुन्हा वाजवून पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणजे त्या दिवशी स्वतःचे गाणे गळाले आणि ‘ॲना’ राहिले. गाण्याचा मालक कोण यापेक्षा गाणे उभे राहते की नाही याला त्यांनी महत्त्व दिले. हा विवेक एकोणीस ते बावीस वर्षांच्या, नाव मिळवायला आतुर असलेल्या मुलांनी दाखवला, म्हणून तो कौतुकाचा. मात्र प्रत्येक कव्हर असेच सकस असते असा दावा मी करणार नाही. डिसेंबर १९६४ च्या ‘बीटल्स फॉर सेल’वरही सहा परकी गाणी आहेत, त्याआधीच्या ‘अ हार्ड डेज नाइट’वर तेराही गाणी लेनन-मॅकार्टनींची होती. वर्षभराच्या दौऱ्यांनी थकलेल्या बँडने तेव्हा जुन्या साठ्याकडे हात वळवला आणि ‘मिस्टर मूनलाइट’ किंवा ‘एव्हरीबडीज ट्राइंग टु बी माय बेबी’ ऐकताना ते जाणवते. शिकत असताना गायलेले गाणे आणि शिकून झाल्यावर सवयीने गायलेले गाणे यांत फरक आहे, आणि तो मान्य केल्याने पहिल्या अल्बमची बाजू अधिकच बळकट होते.

दुसरा आक्षेप खुद्द मिक जॅगरने घेतला आहे. रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम एप्रिल १९६४ मध्ये आला; त्यावरच्या बारा गाण्यांपैकी नऊ इतरांची होती, जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांच्या नावावर फक्त एक. त्यातच लुइझियानाच्या स्लिम हार्पोचे ‘आय ॲम अ किंग बी’ होते. काही वर्षांनी एका मुलाखतीत जॅगरने विचारले की स्लिम हार्पोचे मूळ गाणे ऐकता येत असताना आमचे कोणी कशाला ऐकावे? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्या विशिष्ट गाण्याबाबत उत्तर जॅगरच्या बाजूने जाते. स्टोन्स तिथे मुळाच्या इतके जवळ राहतात की तुलनेत उणेच पडतात. पण हा प्रश्न प्रत्येक कव्हरला लावायची कसोटी आहे. सर्वांना मिळून दिलेला तो निकाल नव्हे. त्याच स्टोन्सनी फेब्रुवारी १९६४ मध्ये बडी हॉलीचे ‘नॉट फेड अवे’ काढले. हॉलीच्या मूळ गाण्यातच बो डिडलीचा ठेका दडलेला होता. स्टोन्सनी तो वर खेचून काढला आणि हॉलीच्या हलक्याफुलक्या गाण्याला धमकीचा सूर दिला. तिथे मूळ आणि नवे अशी दोन्ही ऐकावी लागतात, कारण नवे मुळाबद्दल काही सांगते. कव्हर हे अशा वेळी समीक्षा असते. या गाण्यात हेही होते, तुम्ही ऐकले नव्हते, असे ते दाखवते. जे असे काही दाखवत नाही ते खुशाल विसरावे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. गोऱ्या मुलांनी कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी गायली आणि जगभर कीर्ती मिळवली. मूळ गाणाऱ्यांचे काय? १९५० च्या दशकात पॅट बूनने फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांच्या गाण्यांच्या सोवळ्या आवृत्त्या काढल्या. मूळ रेकॉर्ड बाजारात ताजी असतानाच त्या गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या आणि मूळ गायकांची जागा त्यांनी खाल्ली. बीटल्सचे तसे नव्हते. त्यांनी घेतलेली गाणी ब्रिटनमध्ये बहुतेकांनी ऐकलीच नव्हती आणि ती कोणाची हे ते जिथे तिथे सांगत राहिले. १९६४ मध्ये मोटाउनची मेरी वेल्स त्यांच्याबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर होती; त्याच वर्षी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे वर्णभेद पाळून बसवलेल्या श्रोत्यांपुढे वाजवायला त्यांनी नकार दिला. हेतू स्वच्छ होता. पण हेतूने हिशेब पुरा होत नाही. कव्हरचा कायद्याने ठरलेला मोबदला गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतो. गाण्याला पहिल्यांदा प्राण देणाऱ्या गायकाला त्यातले काही मिळत नाही. शिरेल्सच्या गळ्यांनी जी ढब घडवली तिच्यावर कोणाचाच कायदेशीर हक्क नव्हता. ‘ॲना’ स्वतःच लिहिणाऱ्या आर्थर अलेक्झांडरची गाणी बीटल्सनी आणि रोलिंग स्टोन्सनीही गायली, तरी पुढे तो संगीत सोडून क्लीव्हलँडमध्ये बस चालवत होता. ‘मनी’ गाणाऱ्या बॅरेट स्ट्राँगचे नाव मूळ नोंदणीत सहलेखक म्हणून होते, ते काही वर्षांत काढून टाकले गेले आणि तो आपला वाटा अखेरपर्यंत मागत राहिला. हा अन्याय खरा आहे. पण त्याचे मूळ करारांत आणि श्रेयाच्या नोंदींत आहे. ती गाणी कोणी गायलीच नसती तर या कलावंतांना अधिक काही मिळाले असते असे नाही; नावे अधिक ठळक लिहिली असती आणि पैसा योग्य हाती गेला असता तर मिळाले असते.

उलट, कव्हर टाळून स्वतःची गाणी म्हणवण्याचा आग्रह या न्यायाला कसा मारक ठरतो हे लेड झेपलिनच्या उदाहरणावरून कळते. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर विली डिक्सनची दोन गाणी त्याच्या नावानिशी आहेत आणि ते योग्यच. पण ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे जेक होम्सचे गाणे जिमी पेजच्या एकट्याच्या नावावर आले; होम्सने २०१० मध्ये दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला. दुसऱ्या अल्बमवरच्या ‘होल लोटा लव्ह’साठी विली डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावे लागले आणि तिथेही तडजोडच झाली. ही गाणी झेपलिनने ज्या ताकदीने नव्याने घडवली ती वादातीत आहे. त्यांवर मूळ रचनाकाराचे नाव टाकले असते तर ती थोर कव्हर ठरली असती. ते टाकले गेले नाही, कारण १९६९ पर्यंत स्वतःची रचना असण्याला मान होता आणि पैसाही होता. फेब्रुवारी १९६३ मध्ये लेनन-मॅकार्टनींच्या गाण्यांसाठी नॉर्दर्न साँग्ज ही प्रकाशन कंपनी स्थापन झाली तेव्हापासून प्रत्येक बँडच्या व्यवस्थापकाला एक गोष्ट कळून चुकली: गाणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याचे उत्पन्न अधिक टिकाऊ असते. मौलिकतेच्या आदर्शामागे कलेची भूक होती तशी ही जमाखर्चाची वहीही होती. ज्या अल्बमवर कव्हर कव्हर म्हणून छापलेले असते तो निदान आपले ऋण उघड मांडतो.

ख्याल ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हा सारा युक्तिवाद फार परका वाटू नये. तीच बंदिश दहा गवयांनी गायली तरी आपण उसनवारीचा आरोप करत नाही. गवयाने तीत काय पाहिले ते ऐकतो, आणि तालीम कोणाकडून मिळाली हे सांगण्यात त्याला भूषण वाटते. अर्थात हे साम्य फार ताणू नये. बंदिशीचे मूळ गायन बहुधा काळाआड गेलेले असते. पॉप गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण शेजारीच उभे असते आणि त्यामागे हक्काचा, पैशाचा व्यवहार असतो. तरीही ऐकण्याची ती सवय इथे उपयोगी आहे. कोणाचे गाणे हा पहिला प्रश्न न ठेवता, गाण्याचे काय केले हा पहिला प्रश्न ठेवण्याची ती सवय.

डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’वर एकही परके गाणे नाही आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अल्बम म्हणजे बँडचे स्वतःचे संपूर्ण विधान ही कल्पना रुजली. त्या कल्पनेने दिलेले वैभव नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण तिच्या दबावाखाली नव्या बँडला शिकण्याआधीच मौलिक व्हावे लागते आणि श्रोत्यालाही आपल्या आवडत्या बँडच्या मागे कोण उभे आहे हे कळण्याची वाट बंद होते. ‘प्लीज प्लीज मी’ ऐकणारा ब्रिटिश मुलगा शिरेल्सपर्यंत पोहोचू शकत होता. ज्यांनी ही वाट पुन्हा उघडली त्यांचे पहिले अल्बम याची साक्ष देतात. पॅटी स्मिथच्या १९७५ च्या ‘हॉर्सेस’ची सुरुवातच व्हॅन मॉरिसनच्या ‘ग्लोरिया’ने होते. त्यात तिने स्वतःची कविता मिसळली आणि एका पुरुषाने बाईबद्दल गायलेले गाणे बाईच्या मुखी बेधडक ठेवले. पुढच्या साऱ्या अल्बमचे धैर्य त्या एका निवडीत आहे. १९७७ मध्ये क्लॅशने आपल्या पहिल्या अल्बमवर ज्युनियर मर्विनचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे जमैकन गाणे घेतले. दोन-दोन मिनिटांच्या तडाखेबंद गाण्यांमध्ये सुमारे सहा मिनिटांचे हे रेगे. लंडनच्या गोऱ्या पंक मुलांना रेगे झेपेल का, हा प्रश्न त्यांनी सर्वांसमक्ष सोडवायला घेतला आणि दोन वर्षांनी आलेल्या ‘लंडन कॉलिंग’चा विस्तार त्याच वाटेने झाला. टॉकिंग हेड्सनी १९७८ मध्ये दुसऱ्या अल्बमवर अल ग्रीनचे ‘टेक मी टु द रिव्हर’ संथ करून गायले आणि त्यांच्या अवघडलेल्या, बुद्धिनिष्ठ संगीतात पुढे जो काळ्या नृत्यसंगीताचा ठेका भरला त्याची चाहूल तिथे लागली. तिन्ही ठिकाणी कव्हर बँडच्या भविष्याकडे बोट दाखवते.

म्हणून सुरुवातीच्या अल्बमचे मूल्यमापन करताना स्वतःची गाणी किती आणि परकी किती ही मोजदाद आपण सोडून द्यावी असे मला वाटते. तिच्या जागी तीन प्रश्न विचारावेत. हे गाणे कोणी निवडले आणि त्या निवडीत काही दृष्टी आहे का? गाण्याचे असे काय केले की मुळातही न दिसलेले काही दिसू लागले? आणि ज्याचे ते गाणे त्याला नाव आणि मोबदला मिळाला का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘प्लीज प्लीज मी’वरची बहुतेक परकी गाणी खणखणीत उत्तर देतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या व्यवसायाने नीट दिले नाही आणि ते मागत राहणे हे आपले, ऐकणाऱ्यांचे काम आहे. ‘ॲना’ आवडले तर आर्थर अलेक्झांडर ऐकावा, ‘बॉइज’ आवडले तर शिरेल्स ऐकाव्यात, आणि मग पुन्हा बीटल्सकडे यावे. त्या फेरीनंतर बीटल्स लहान होत नाहीत. कोणत्या भांडवलावर काय उभारले हे कळल्यामुळे त्यांची उंची पहिल्यांदाच नीट मोजता येते.